पालखीची वाट

आंबेकोंडात किंवा आसपासच्या वाड्यांत कुणी घर घ्यायला निघालं, की त्याला कुणीतरी सांगायचंच, "आधी त्या अलोरेवाल्या बाईंना विचार." अलोरेवाल्या बाई म्हणजे प्रभावती शिगवण. ती वकील नव्हती, तलाठ्याच्या नात्यातली नव्हती, शाळेत चौथीच्या पुढे गेलेली नव्हती. पण घर घेताना माणूस नेमका कुठे फसतो हे तिला ठाऊक होतं, कारण ती स्वतः तिथेच फसून बसली होती.

आलेल्याला ती आधी चहा द्यायची आणि मग त्याच्या उत्साहावर गार पाणी ओतायची.

"भिंती थापटून बघितल्यास? वासे बघितलेस? विहिरीत वाकून बघितलंस? शाब्बास. आता सांग, त्या घरापर्यंत तू गेलास कुठून?"

माणूस बुचकळ्यात पडायचा. वाटेनं गेलो, म्हणायचा.

"वाट कुणाची?"

आता वाट कुणाची असणार? वाट म्हणजे वाट. इथून बाईंचा पट्टा सुरू व्हायचा. "आषाढात परत जा. छत्री घेऊन एकटा जा, विकणारा बरोबर नको. शेजाऱ्याच्या ओटीवर बसून तांब्याभर पाणी माग आणि देताना त्याचं तोंड कसं होतं ते बघ. त्यानं स्वतः ते घर आधी मागितलेलं असेल, तर सोन्याचं असलं तरी घेऊ नको. आणि काही झालं तरी शिमग्यात घर बघायला जाऊ नको. शिमग्यात सगळ्यांचं सगळं उघडं असतं."

हे शेवटचं ऐकून लोक हसायचे. बाईंना विनोद करायचा नव्हता, पण हसणाऱ्याला ती थांबवायची नाही. हसू दे, आत्ताच हसून घेऊ दे, असा तिचा एकंदर चेहरा असे.

प्रभावतीचं अर्धं आयुष्य अलोरेला गेलं. तिथे कोयना प्रकल्पाची वसाहत होती आणि तिचा नवरा सहदेव तिथल्या वर्कशॉपात फिटर होता. राहायला क्वार्टर होतं, नळ होता, दारापर्यंत डांबरी रस्ता होता. पण दारावर पांढऱ्या रंगात नंबर होता, आणि तो नंबर प्रभावतीला सतत टोचायचा. मुलगी हौसा त्याच घरात जन्मली, तिथूनच लग्न होऊन चिपळूणला गेली, आणि तरीही ते घर कधी प्रभावतीचं झालं नाही. अंगणात फणस लावू म्हटलं तर सहदेव म्हणायचा, "लाव की. खाणारा पुढचा येईल." त्याला ते गमतीचं वाटायचं. तिचा मात्र जीव जळायचा. सहदेवच्या गावी चार भावांत एक घर, त्यात ह्यांच्या वाट्याला पडवीचा एक कोपरा आणि शेजारी बांधलेली म्हैस. तिकडे जाण्यात अर्थ नव्हता. नोकरी संपत आली तशी प्रभावती एकच पालुपद लावून बसली, की मला माझं घर हवं, कुणी ऊठ म्हणणार नाही असं.

दत्ताराम नावाचा एक गडी पूर्वी सहदेवबरोबर कामाला होता. पुढे तो मुंबईला गेला, तिकडे कल्याणला त्यानं बस्तान बसवलं आणि आंबेकोंडातलं त्याचं घर बंद पडलं. संगमेश्वरहून देवरुखकडे जाताना रस्त्याला लागूनच ती वाडी. दत्तारामानं निरोप धाडला, "घर विकतोय, शिमग्याला या. गाव कसा भरलेला असतो ते पण बघाल."

एक्याऐंशी सालच्या शिमग्यात दोघं गेली. एसटीतून उतरतात तो समोरून ढोल-ताशे वाजत ग्रामदेवीची पालखी घरं घ्यायला, म्हणजे घरोघर फिरायला, निघालेली. गुलाल, फाकांच्या आरोळ्या, पोरंटोरं, मुंबईहून आलेले चाकरमानी. दत्ताराम गर्दीतून हात हलवत आला आणि म्हणाला, "चला, चला, पालखी आता आमच्याकडेच निघालीय." ही दोघं पालखीच्या मागून चालू लागली. एक सारवलेलं खळं, म्हणजे कुणाच्या तरी घरापुढचं अंगण, लागलं, ते ओलांडून पलीकडे दत्तारामाचं खळं. दोन खळ्यांच्या मधे चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा होता आणि गडग्यात बेडं होतं, म्हणजे दोन भोकाभोकांचे खांब आणि त्यांतून आडव्या सरकवायच्या बांबूच्या काठ्या. त्या दिवशी काठ्या काढून बाजूला ठेवल्या होत्या आणि खांबांना आंब्याच्या पानांचे टाळे बांधले होते. प्रभावतीनं ते टाळे बघितले. काठ्या तिनं बघितल्याच नाहीत.

दत्तारामाच्या खळ्यात पालखी नाचली. प्रभावतीला राहवेना. घर अजून दुसऱ्याचं, तरी तिनं पुढे होऊन देवीची ओटी भरली. मागे वळून बघितलं तर चिऱ्याचं ठेंगणं कौलारू घर, पुढे ओटी, आत माजघर, परसात दोन फणस, आणि फणस धरलेले. तिनं दाराच्या चौकटीवर हात ठेवला आणि तो काढायला विसरली. जाताना सहदेवला म्हणाली, "देवीनंच बोट धरून आणून सोडलं मला."

"घर बघूया तरी नीट," सहदेव म्हणाला.

त्यानं नीट बघितलं. फिटर माणूस, वाशावाशाला हात लावला, कौलं काढून बघितली, विहिरीत दोर सोडला. कागदपत्रांसाठी देवरुखला चार खेपा घातल्या. दत्तारामाच्या बहिणींच्या सह्या घेतल्या, कर्ज नाही, कूळ नाही, सगळं धुतल्या तांदळासारखं. वाट मात्र दोघांपैकी कुणीच विचारली नाही. वसाहतीत जन्म काढलेली माणसं ती. नळाला पाणी यावं तसा दाराला रस्ता येतो, अशी त्यांची समजूत. रस्ताही कुणाच्या तरी मालकीचा असतो, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

चैत्रात टेंपोत संसार घालून दोघं आली. टेंपो रस्त्यावर उभा केला, सहदेव डोक्यावर ट्रंक घेऊन पुढच्या खळ्यात शिरला, आणि बेड्यापाशी थबकला. काठ्या सरकवलेल्या होत्या, वर काटेरी शिरी अडकवल्या होत्या. ओटीवर एक उंच, हडकुळा माणूस सुंभ वळत बसला होता. तो भागोजी. दत्तारामाचा चुलतभाऊ.

"वाईच काठ्या काढता का?" सहदेव हसून म्हणाला. "सामान आत न्यायचंय."

"कुटं न्यायचाय?"

"हे काय, दत्तारामाच्या घरात. आम्ही घेतलं ते."

"घेतलात तर जावा की," भागोजी सुंभ न सोडता म्हणाला. "घर तुमचा पल्याड ऱ्हायला. हा खळा माजा हाय."

"अहो, पण शिमग्यात आम्ही इथूनच गेलो!"

"शिमग्यात देवी गेली. तुमी तिच्या मागनं गेलात. फुडल्या शिमग्याला देवी येईल तवा मी परत काठ्या काढीन. तवा तुमी पन या."

तो ओरडला नाही, शिवी दिली नाही. मग त्यानं आपली बाजू सांगितली, आणि दुर्दैव असं की ती बाजू खरी होती. ते घर त्यानं आपल्या पोरांसाठी दत्तारामाकडे मागितलं होतं, एकदा सोडून दोनदा. कोकणात घर विकायचं तर आधी भाऊबंदांना विचारतात. दत्तारामानं विचारलं नाही. बाहेरच्याकडून चार पैसे जास्त मिळाले, त्यानं घेतले आणि कल्याणची गाडी पकडली. जुन्या वाटेनं पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही घरची माणसं जात-येत होती, कारण ती एका रक्ताची होती. आता पलीकडे रक्त उरलं नव्हतं.

"त्यात आमचा काय दोष?" प्रभावती पुढे होऊन म्हणाली.

"तुमचा काय दोष नाय, वयनी," भागोजी म्हणाला. "पर वाट पन तुमची नाय."

सामान मग मागून न्यावं लागलं. रस्त्याच्या वळणावरून खाली उतरायचं, पऱ्यातून म्हणजे ओढ्याच्या पात्रातून जायचं, आणि परसाच्या बाजूनं जांभ्याची उभी चढण चढायची. चैत्रात पऱ्या कोरडा, नुसते गोटे. तरी कपाटाचा आरसा फुटला तो फुटलाच. नव्या घरात पाऊल टाकल्यावर प्रभावतीनं पहिलं काम केलं ते काचा वेचायचं.

चैत्रात गोटे होते, ज्येष्ठात पाणी आलं. आषाढात पऱ्या असा फुगला, की सहदेवनं त्यावर घातलेला सुपारीच्या खोडांचा साकव एका दुपारी उचलला आणि कुठच्या कुठे गेला. पाऊस तुटेपर्यंत घरातून बाहेर पडायचं नाही, मीठ संपलं तर अळणी खायचं. दर वर्षी सहदेव नव्या उमेदीनं साकव घालायचा, कधी लाकडाचा, कधी पाइपांचा, आणि पऱ्या दर वर्षी तितक्याच उमेदीनं तो न्यायचा. दत्तारामाला पत्र घातलं. त्याचं उत्तर आलं, की आम्ही जन्मभर तिथूनच गेलो, भागोजी तोंडाचा फटकळ पण मनाचा चांगला, गोडीनं घ्या. पुढच्या पत्राला उत्तर आलं नाही आणि दत्ताराम पुन्हा कधी शिमग्याला आला नाही. घर विकून मोकळं झालेल्या माणसाला गावची ओढ कशाला असेल!

सहदेवनं देवरुखच्या तहसील कचेरीत अर्ज केला. तिथल्या माणसानं नकाशा उलटसुलट करून बघितला, त्यावर वाट नव्हती. मग गावकी बसली. देवळात सगळे जमले, मानकऱ्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि निवाडा दिला, की ती वाट पालखीची. पालखीबरोबर जाणाऱ्याला कुणी अडवायचं नाही. बाकी दिवस भागोजीची मर्जी. ह्या बाई-बाप्यांचे हाल होतात हे सगळ्यांना दिसत होतं. पण अर्धी वाडी भागोजीची भाऊबंद आणि उरलेल्या अर्ध्या वाडीला त्याच्याशी वाकडं घ्यायचं नव्हतं. सगळ्यांना वाईट वाटलं आणि सगळे आपापल्या घरी गेले.

भागोजी नुसता दुष्ट असता तर प्रभावतीचं सोपं झालं असतं. पण तो श्रावणात गडग्यावर काकड्या ठेवायचा. फणस काढले की एक इकडे सरकवायचा. सहदेवशी गडग्याच्या पलीकडून तासन्‌तास गप्पा मारायचा, पंप बिघडला तर सल्ला विचारायचा. सहदेव पंपाचे सुटे भाग गडग्यावरूनच घ्यायचा आणि दुरुस्त करून गडग्यावरूनच परत द्यायचा. प्रभावतीला ते बघून संताप यायचा. "त्याचा पंप चालतो आणि आपला साकव वाहून जातो," ती म्हणायची. सहदेव म्हणायचा, "अगं, आज ना उद्या मन वळेल त्याचं." पहिल्या वर्षीच्या काकड्या तिनं तशाच परत ठेवल्या होत्या. दुसऱ्या वर्षीपासून ती त्या चिरून कोशिंबीर करायला लागली, पण तोंडातून शब्द काढायची नाही. ह्या माणसाकडे जन्मात काही मागायचं नाही, अशी तिनं शपथच घेतली होती.

शिमगा आला की काठ्या निघायच्या. भागोजी स्वतः खांबांना टाळे बांधायचा आणि म्हणायचा, "या वयनी, देवी आली." दर वर्षी ती ठरवायची, की ह्या वर्षी ओटी भरायची नाही, हिनंच मला फसवून आणलं. दर वर्षी खण-नारळ घेऊन उभी राहायची. दुसऱ्या दिवशी काठ्या परत जागच्या जागी.

पंच्याऐंशीच्या श्रावणात, जेवणं झाल्यावर, सहदेव ओटीवर सुपारी कातरत होता. अडकित्ता त्याच्या हातातून पडला. छातीवर हात दाबून तो भिंतीला टेकला आणि घामानं निथळू लागला. बाहेर पावसाची झड लागलेली. पल्याड शेतावर वाडीतले रामा आणि सदू गवत काढत होते, प्रभावतीच्या हाकेनं ते धावत आले. खुर्चीला बांबू बांधून डोली केली. रामा म्हणाला, "काकी, भागोजीदादाला हाक मारूया? ह्या वाटेनं लगोलग रस्त्यावर जाव."

प्रभावतीनं गडग्याकडे बघितलं. काठ्यांवरून पाणी ठिबकत होतं. तिच्या घशापर्यंत हाक आली होती. पण इतक्या वर्षांचा सगळा कडूपणाही तिथेच येऊन बसला होता.

"नको," ती म्हणाली. "पऱ्यानं चला."

पऱ्यात पाणी कमरेपर्यंत होतं. सदूचा पाय दोनदा सरकला, डोली एकदा पाण्याला टेकली. चढ चढून रस्त्यावर यायला फार वेळ गेला आणि जीप मिळायला आणखी. संगमेश्वरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सहदेवचा हात हातात घेतला आणि हळूच परत खाली ठेवला.

जीप संध्याकाळच्या आत परत आली. पावसात भागोजी खळ्यात उभा होता. बेड्याच्या सगळ्या काठ्या त्यानं काढून गडग्याला लावून ठेवल्या होत्या. मढ्याची वाट कुणी अडवत नाही, ही तिथली रीत. त्यानं पहिला खांदा दिला, लाकडं जमवली, सगळं धावून धावून केलं. तिसऱ्या दिवशी तो प्रभावतीसमोर येऊन उभा राहिला, खाली मान घालून.

"वयनी, हाक मारायची व्हती. मी घरातच व्हतो."

बाराव्यानंतर काठ्या परत सरकवल्या गेल्या.

त्यानंतरची वर्षं तिनं एकाच प्रश्नाबरोबर काढली. हाक मारली असती तर त्यानं काठ्या काढल्या असत्या का? नसत्या काढल्या, तर तो खुनी, आणि त्याला शिव्या घालत जगता आलं असतं. काढल्या असत्या, तर मग सहदेवला कुणी मारलं? भांडी घासताना, पाट्यावर मसाला वाटताना, ती ह्या कुशीवरून त्या कुशीवर हा प्रश्न फिरवायची आणि दोन्ही बाजूंनी तो बोचायचाच. घर घ्यायला निघालेल्यांना ती शहाणपण सांगायला लागली ती ह्याच दिवसांत. लोकांना वाटायचं, बाईंना परोपकाराची हौस. खरं म्हणजे ज्याला सांगायचं तो सहदेव गेला होता, म्हणून ती मिळेल त्याला सांगत होती.

हौसा म्हणायला लागली, "आई, घर विक आणि चिपळूणला ये. दर पावसाळ्यात माझा जीव टांगणीला लागतो." प्रभावती शेवटी कबूल झाली. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलाय. जो कोणी घर बघायला येई, तो भिंतीकडे न बघता पहिला प्रश्न टाकी, "बाई, वाट कुणाची?" का नाही विचारणार? शिकवून ठेवलं होतं कुणी? तिनंच. एकजण तर आषाढात आला, छत्री घेऊन, एकटा. पऱ्याच्या अल्याडूनच त्यानं हात हलवला आणि परत गेला.

मग एक मास्तर आले. सोलापूरकडून बदलून आलेले, शाळेत नवीन, गावात कुणाची ओळख नाही. बायको सावित्री, नुकतं लग्न झालेली. त्यांना स्वतःचं घर हवं होतं, भाड्याच्या खोलीत मालकीण खिडकीतून डोकावते म्हणे. माघातली गोष्ट. मास्तरांनी शाळेच्या आवारात प्रभावतीला गाठून विचारलं, "घर बघायला कधी येऊ, काकू?"

प्रभावतीनं खांद्यावरचा पदर सावरला. मग म्हणाली, "शिमग्याला या."

आपण काय म्हणालो ते तिला पुरतं कळलं होतं. घरी जाताना पऱ्याच्या गोट्यांवरून चालताना ती स्वतःशीच वाद घालत होती. मला कुणी सांगितलं होतं का? दत्तारामाला देवानं काही शिक्षा केली का? तो कल्याणला पंख्याखाली बसलाय. मी एकटीनंच का म्हणून खरं बोलायचं?

शिमग्याला पालखी आली. काठ्या निघाल्या, टाळे बांधले गेले, आणि पालखीच्या मागून मास्तर आणि सावित्री आली. सावित्रीच्या केसांत गुलाल पडला होता आणि तिचं तोंड हसून हसून दुखत असावं इतकी ती हसत होती. ती घरभर हिंडली. परसातले फणस बघून तिनं टाळी वाजवली. बाहेर येऊन तिनं दाराच्या चौकटीवर हात ठेवला आणि तिथेच उभी राहिली.

"काकू, पालखी दर वर्षी ह्याच दारात येते?"

"येते."

"आणि हे मग इथूनच शाळेत जातील ना? हे खळं ओलांडलं की रस्ता. पाचव्या मिनिटाला शाळा!"

भागोजी बेड्यापाशी टेकून उभा होता. त्याला सगळं ऐकू जात होतं. तो प्रभावतीकडे बघत राहिला. "हो" हा शब्द तिच्या जिभेवर आला होता. एवढासा शब्द, तो टाकला की चिपळूण, हौसाकडची नातवंडं, दाराशी डांबरी रस्ता. पण पोरीचा हात अजून चौकटीवरच होता.

"नाही ग बाय," प्रभावती म्हणाली. "ही वाट पालखीची. उद्या बंद होते. मग पऱ्यातून यावं लागतं, आणि पावसात तिथूनही येता येत नाही."

सावित्रीनं हात काढून घेतला. मास्तरांनी आभार मानले, अगदी वाकून नमस्कार केला, आणि दोघं निघून गेली. हौसानं ऐकलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. आपण काही मोठं पुण्य केलं असं प्रभावतीलाही वाटलं नाही. तिला स्वतःचा रागच आला. आता ह्या घरातून आपण फक्त सहदेवसारख्याच बाहेर पडणार, एवढं तिला कळून चुकलं.

चैत्रात भागोजी आला. बेड्याच्या दोन काठ्या सरकवून, वाकून, इकडच्या खळ्यात आला आणि ओटीच्या खालीच उभा राहिला.

"वयनी, घर मना द्या."

तिनं आकडा विचारला. त्यानं सांगितला. सहदेवनं घेतलं होतं त्याच्याही खालचा.

"वाट नाय ना घराला," भागोजी म्हणाला. ह्यात त्याला लाज वाटत नव्हती की आनंद होत नव्हता, शेवग्याच्या शेंगांचा भाव सांगावा तसा तो सांगत होता. "बिनवाटेच्या घराला ह्याच्यावर कोन देनार?"

"आणि तुम्ही घेतल्यावर?"

"मंग काय, वाट व्हईल."

वाटेविना घराला एकच गिऱ्हाईक असतं, आणि ते म्हणजे वाटेचा मालक. इतकी वर्षं ती लोकांना शहाणपण शिकवत होती आणि त्यातली ही शेवटची ओळ तिला आज कळली. ती घासाघीस करत बसली नाही. फक्त म्हणाली, "देते. पण एक सांगा. त्या दिवशी हाक मारली असती, तर काठ्या काढल्या असत्यात?"

भागोजीनं वळून बेड्याकडे बघितलं. खरं उत्तर शोधत होता तो, तेवढा तो प्रामाणिक होता. मग टोपी काढून त्यानं डोकं खाजवलं.

"आता काय सांगू, वयनी."

देवरुखला सह्या झाल्या. निघायच्या दिवशी प्रभावतीनं देवाला दिवा लावला, घर झाडून घेतलं. पऱ्यानंच जायचं असं तिनं ठरवलं होतं. जाताना तरी त्याच्या खळ्यात पाय ठेवायचा नाही. पण भागोजीची बायको सखू न विचारता आली, ट्रंक डोक्यावर घेतली आणि बेड्यातून चालायला लागली. बेडं तरी कुठे उरलं होतं? काठ्या आदल्या दिवशीच चुलीत गेल्या होत्या आणि भागोजीचा मुलगा पहार घेऊन खांब उपटत होता. प्रभावती ट्रंकेच्या मागून निघाली.

खळं ओलांडलं आणि रस्ता आलासुद्धा. तिला वाटलं होतं, थोडं तरी चालावं लागेल. पालखीबरोबर आली होती तेव्हा ढोलाच्या नादात आणि गर्दीत ते अंतर कळलं नव्हतं, आणि सहदेवला ह्याच वाटेनं नेलं तेव्हा तिला काहीच कळत नव्हतं. सखूनं ट्रंक झाडाखाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि "येतो वयनी" म्हणून परत फिरली.

एसटीला अजून वेळ होता. प्रभावती ट्रंकेवर बसली. तिथून तिचं घर अख्खं दिसत होतं. कौलं दिसत होती, फणस दिसत होते, उघडं दार दिसत होतं, दारातून आतली देवाची समई दिसत होती. सखू खळ्यात पोचून सुनेला काहीतरी सांगत होती, ते इथे शब्दन्‌शब्द ऐकू येत होतं.

रामा म्हणाला होता, लगोलग रस्त्यावर जाव. प्रभावतीनं तोंडात पदर कोंबला आणि ती रडायला लागली.